पेडल दाबताच गाडी का अडखळते? कार्ब्युरेटरच्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत आली आहे. गाडी उभी असताना इंजिन ठीक चालतं, पण वेग घेताना झटके देतं, दबतं किंवा मिस करतं (मधूनच एखादं सिलिंडर पेटत नाही). बहुतेकांनी पत्र लिहिण्याआधीच कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलून साफ केला आहे. तसं करू नका, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. आधी झटका नेमका कधी येतो ते पाहा. पेडल हलताक्षणी येतो, पेडल एका जागी धरलेलं असताना येतो, की पूर्ण दाबून काही सेकंद गेल्यावर येतो? या तिन्हींची कारणं वेगळी आहेत. शिवाय यातले बरेच दोष कार्ब्युरेटरमध्ये नसून इग्निशनमध्ये (स्पार्क देणाऱ्या यंत्रणेत) असतात. म्हणून प्लग, पॉइंट (प्रवाह जोडून-तोडून स्पार्क घडवणारे संपर्क) आणि टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) आधी, मग हवेची गळती आणि पेट्रोलचा पुरवठा, आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवा. कार्ब्युरेटरच्या पंपाची पिचकारी (पुढे सांगितली आहे) बघण्यासारखी काही न खोलता होणारी तपासणी मात्र केव्हाही करावी.

प्रश्न : सिंगल बॅरल (एकाच घशाच्या) कार्ब्युरेटरची गाडी आहे. आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन चालणं) उत्तम आहे. उभ्या गाडीतून निघताना पेडल झटकन दाबलं की इंजिन क्षणभर दबतं, कधी कार्ब्युरेटरमधून 'फट्' असा आवाज येतो आणि मग गाडी एकदम उसळते. सावकाश दाबलं तर काहीच होत नाही. सगळे जेट (मोजकं पेट्रोल सोडणारे, मापाच्या बारीक भोकाचे भाग) साफ करून झाले.

सावकाश दाबल्यावर त्रास नाही आणि झटकन दाबल्यावर आहे, एवढ्यावरूनच संशय अ‍ॅक्सिलरेटर पंपावर जातो. थ्रॉटलची (पेडलने उघडणारी, हवेच्या वाटेतली) पाकळी अचानक उघडली की हवा लगेच धावते, पण पेट्रोल जड असल्यामुळे मागे राहतं. त्याच क्षणी मॅनिफोल्डमधला (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीतला) व्हॅक्यूम पडतो आणि वाफ झालेलं पेट्रोल पुन्हा द्रव होऊन मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटतं. त्यामुळे थोडा वेळ सिलिंडरमध्ये हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातं. ही तूट भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरच्या अंगातच एक छोटा पंप असतो. पेडल हलताच तो घशात (हवेच्या वाटेत) पेट्रोलची पिचकारी मारतो. पिचकारी आली नाही की पातळ मिश्रण रेंगाळत जळतं, आणि इनटेक व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत ते जळतच असेल तर ज्वाला उलटी येऊन तुम्हाला 'फट्' ऐकू येतं.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, म्हणजे बाउल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) भरलेला राहील. एअर फिल्टर काढा, टॉर्चने घशात पाहा आणि थ्रॉटलचा लिव्हर हाताने उघडा. लिव्हर हलायला लागताक्षणी बारीक, अखंड, सरळ धार दिसली पाहिजे, आणि लिव्हर थांबल्यावरही ती क्षणभर चालू राहिली पाहिजे. जवळ सिगारेट किंवा उघडा दिवा नको, हे वेगळं सांगायला नको.

धार अजिबात नसेल तर पंपाचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) फाटलेला असतो, नाहीतर पिचकारीचं भोक बुजलेलं असतं. धार येते पण मरगळलेली असेल, किंवा लिव्हर पाव अंतर गेल्यावर सुरू होत असेल, तर दोन जागा पाहा. पहिली म्हणजे लिंकेज. पिन आणि भोकं झिजून ढिली झाली की लिव्हरचं पहिलं अंतर ती ढिलाई भरण्यातच जातं. दुसरी म्हणजे पंपाच्या वाटेवरची चेक बॉल, म्हणजे पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देणारी गोळी. ती मळामुळे नीट बसत नसेल तर दाबलेलं पेट्रोल घशात जाण्याऐवजी परत बाउलमध्ये जातं. पहिल्या दाबाला धार नाही आणि लागोपाठच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला आहे, असं दिसलं तर चेक बॉलच धरा. ही गोळी अगदी लहान असते आणि कार्ब्युरेटर उलटा केला की निसटते. त्यामुळे तो उलटा करताना खाली ट्रे ठेवा. काही कार्ब्युरेटरमध्ये दोन बॉल असतात आणि त्यांचे आकार वेगळे असतात, म्हणून कोणता कुठला याची खूण ठेवा.

डायफ्रॅम बहुधा बाजूच्या एका झाकणाखाली चार स्क्रूंनी बसवलेला असतो. तो बाहेर काढून उजेडासमोर धरा. चीर मधोमध, पिनच्या भोवती पडलेली असते आणि नुसत्या नजरेला सहसा दिसत नाही. रबर कडक झालं असेल तर चीर नसली तरी बदला. नवा बसवताना स्प्रिंग जुन्याच बाजूला हवी. स्क्रू आधी हलके लावा, पंपाचा लिव्हर अर्धा दाबून धरा आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने घट्ट करा. लिव्हर मोकळा ठेवून घट्ट केलं तर डायफ्रॅम ताणलेल्या स्थितीत अडकतो, त्याला पूर्ण चाल मिळत नाही आणि नवा भाग घालूनही तक्रार तशीच राहते. पिचकारीच्या भोकात पोलादी तार किंवा ड्रिल कधीही घालू नका. कार्ब्युरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरते. फारच हट्टी मळ असेल तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार वापरा. भोक किंचित मोठं झालं तरी धारेचा वेळ आणि नेम दोन्ही बिघडतात.

पिचकारी उत्तम असूनही दबणं राहिलं, तर आयडल स्पीडचा स्टॉप स्क्रू (पेडल सोडल्यावर पाकळी कुठे थांबते ते ठरवणारा) पाहा. याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला घशाच्या भिंतीत दोन-तीन बारीक भोकं असतात. पाकळी थोडी उघडली की ती एकेक करून उघडी पडतात आणि मेन जेट चालू होईपर्यंतची मधली वेळ सांभाळतात. स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारा) मळलेला असल्यामुळे इंजिन आयडलिंगला थांबत होतं, म्हणून कोणीतरी स्टॉप स्क्रू आत फिरवून वेग वाढवलेला असतो. मग ही भोकं आयडलिंगलाच उघडी पडलेली असतात आणि पेडल दाबल्यावर द्यायला त्यांच्याकडे काही उरत नाही.

दुरुस्ती अशी करा. स्लो जेट साफ करा. स्टॉप स्क्रू पूर्ण मोकळा करून पाकळी बंद होऊ द्या, मग स्क्रू नुसता टेकवून अर्धा ते एक फेरा आत घ्या. मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा) हलक्या हाताने बसेपर्यंत आत घ्या आणि दीड ते दोन फेरे बाहेर काढा. तो आवळू नका, त्याच्या टोकाला खाच पडली की पुन्हा कधीही नीट सेटिंग होत नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मिक्स्चर स्क्रू इंजिनचा वेग सर्वात जास्त होईल तिथे आणा, वेग स्टॉप स्क्रूने खाली उतरवा, आणि हीच जोडी आणखी एकदा करा. मिक्स्चर स्क्रू पूर्ण आत नेल्यावर इंजिन बंद पडायला हवं. पडत नसेल तर पाकळी अजून जास्त उघडी आहे किंवा दुसऱ्या वाटेने पेट्रोल येत आहे.

प्रश्न : चढावर किंवा टॉप गिअरमध्ये पेडल दाबलं की गाडी मिस करते, एखाद-दोन सिलिंडर सुटल्यासारखी. पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग नवे आहेत. जागेवर रेस केली तर इंजिन स्वच्छ वाजतं.

जागेवर स्वच्छ आणि ओझ्याखाली मिसिंग, हे स्पार्क अपुरा असल्याचं लक्षण आहे. थ्रॉटल उघडून चढ चढताना सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं आणि प्लगपाशी दाब वाढतो. त्या दाबात तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. कुठे तडा किंवा ओल असेल तर स्पार्क प्लग सोडून ती सोपी वाट धरतो. जागेवर रेस करताना हा दाब येतच नाही, म्हणून ती परीक्षा इथे उपयोगाची नाही.

भाग नवे आहेत म्हणजे ते बरोबर बसवले आहेत असं नाही. पॉइंटच्या इंजिनांत प्लगची फट बहुधा ०.६ ते ०.७ मिमी आणि पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिमी असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पुसून वापरा. त्यावरचं तेल पॉइंटला लागलं तर ते जळून थर बसतो. ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) मोजणारा मीटर असेल तर तो गेजपेक्षा चांगला. चार सिलिंडरच्या इंजिनाला साधारण ५० ते ६० अंशांचा ड्वेल लागतो. फट बदलली की टायमिंगही बदलतं. फट कमी झाली तर टायमिंग मागे जातं, वाढली तर पुढे. म्हणून पॉइंट आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम कधीही उलटू नये.

आता जे बहुतेक वेळा राहून जातं ते. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढा. पॉइंट ज्या प्लेटवर बसवलेले असतात ती प्लेट (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे सरकवणाऱ्या) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे थोडी फिरते. प्लेटला अर्थिंग देणारी आणि पॉइंटला कॉइलशी (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाशी) जोडणारी अशा दोन बारीक, लवचिक वायर आत असतात. प्लेट वर्षानुवर्षं फिरून या वायर आतून तुटतात आणि बाहेरचं वेष्टण मात्र शाबूत दिसतं. आयडलिंगला प्लेट स्थिर असते, तुटलेली टोकं टेकलेली राहतात, इंजिन ठीक चालतं. पेडल हललं की प्लेट फिरते, टोकं सुटतात आणि स्पार्क जातो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लेटला आणि दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला लावा, आणि बोटाने प्लेट तिच्या पूर्ण चालीत फिरवा. आकडा शून्याजवळ स्थिर राहिला पाहिजे. एकदा जरी उडाला तर वायर बदला. बदलीची वायर अनेक बारीक तारांची, मऊ हवी. साधी जाड वायर लावली तर ती प्लेटला फिरूच देत नाही आणि अ‍ॅडव्हान्स जातो.

हेच झाकण उघडं असताना व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सही तपासा. त्याच्या नळीच्या जागी स्वच्छ नळीचा तुकडा लावून तोंडाने ओढा आणि टोक जिभेने बंद करा. प्लेट फिरली पाहिजे आणि तिथेच थांबली पाहिजे. परत सरकली तर डायफ्रॅम फाटला आहे. रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या मधला फिरणारा तुकडा) हाताने फिरवून सोडा. तो स्प्रिंगने परत आला पाहिजे. अडकत असेल तर खालची वजनं गंजली आहेत आणि वेगाबरोबर टायमिंग पुढे सरकत नाही. अशी गाडी मिस करत नाही, नुसती सुस्त होते आणि लवकर तापते.

उरलेलं काम अंधारात करा. बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि प्लगच्या वायरींवर फवारणीच्या बाटलीने पाण्याचा अगदी हलका तुषार मारा. निळ्या ठिणग्या दिसल्या किंवा इंजिन लंगडलं तर वायर संपल्या आहेत. इंजिन चालू असताना त्यांना हात लावू नका. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या आत केसाएवढी काळी रेघ दिसली तर ती तड्यातून स्पार्क पळाल्याची खूण आहे. ते झाकण साफ करून चालत नाही, बदलावंच लागतं. मधला कार्बनचा ब्रश स्प्रिंगवर मोकळा हलतो ना तेही पाहा. अर्धा तास चालवल्यावरच मिसिंग सुरू होत असेल तर कॉइलवर संशय घ्या, आणि ती गरम असतानाच मोजा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडचं व्होल्टेज कमी करणारा रोध) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी (पहिली गुंडाळी) सुमारे ३ ओहम असते, बॅलास्टवाल्या कॉइलची त्याच्या निम्मी. बॅलास्टची कॉइल थेट १२ व्होल्टला जोडलेली असेल तर ती तापणारच आणि पॉइंटही जाळणार.

प्रश्न : एकाच वेगाने चालवताना गाडी पुढेमागे हिंदकळते आणि पेडल थोडं दाबलं की झटके देते. चोक (हवा कमी करून मिश्रण दाट करणारी पाकळी) किंचित ओढला तर सुधारते. मेन जेट मोठा टाकावा का?

इतक्यात नको. चोक ओढल्यावर सुधारणा होते याचा अर्थ मिश्रण पातळ आहे, एवढंच. ते पेट्रोल कमी पडल्यामुळे पातळ आहे की हवा जास्त शिरल्यामुळे, हे अजून ठरायचं आहे. गळतीची हवा असताना जेट मोठा केला तर एका वेगाला गाडी सुधारते आणि दुसऱ्या वेगाला धूर सोडते.

हवा शिरते ती कार्ब्युरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून, जाड इन्सुलेटर (कार्ब्युरेटरखालचा, उष्णता रोखणारा तुकडा) वाकला असेल तर तिथून, मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून, वाळलेल्या व्हॅक्यूम नळ्यांतून आणि ब्रेक बूस्टरच्या जाड नळीतून. बूस्टरची नळी पक्कडीने हलकेच चिमटा. इंजिन सुधारलं तर गळती बूस्टरमध्ये किंवा त्याच्या नळीत आहे, आणि तो ब्रेकचाही दोष असल्यामुळे आजच दुरुस्त करायचा आहे. बाकीचे सांधे शोधायला आयडलिंगला एकेका जागी पाण्याचा बारीक फवारा मारा. क्षणभर वेग बदलला तर जागा सापडली. बरेच जण इथे कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. त्याने निकाल लवकर दिसतो, पण बहुतेक जुन्या इंजिनांत गरम एक्झॉस्ट अगदी खालीच असतो आणि भडका उडू शकतो. पाणी पुरतं.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर काम फार सोपं होतं. निरोगी इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीजवळ साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. उंचीवर दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच कमी धरा. काटा स्थिर पण तीन-चार इंच खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे गेलेलं टायमिंग. ठरावीक तालात काटा खाली झेपावत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. २५०० आरपीएमवर धरल्यावर व्हॅक्यूम हळूहळू घसरत गेला तर सायलेन्सर आतून तुंबला आहे.

थ्रॉटलचा दांडा बोटांनी वरखाली हलवून पाहा. तो खडखडत असेल तर त्याच्या दोन्ही टोकांनी हवा शिरते आणि कोणतंही गॅस्केट ती थांबवू शकत नाही. बॉडीत बुश (दांड्याभोवतीच्या कड्या) टाकून घ्यावे लागतात. हे काम लेथवर आणि दोन्ही भोकं एका रेषेत ठेवूनच करावं लागतं, नाहीतर पाकळी अडकते आणि पेडल सोडल्यावर वेग उतरत नाही.

यातलं काही निघालं नाही तर इंधनाकडे वळा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉल असलेल्याला साधारण १४.१ पट आणि २० टक्केवाल्याला साधारण १३.५ पट. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेले जेट २० टक्क्यांच्या इंधनावर सुमारे आठ टक्के कमी पडतात. अशा वेळी मेन जेट बदलणं योग्य आहे. वेबर आणि सोलेक्स या बनावटींच्या जेटवरचा १२० हा आकडा म्हणजे १.२० मिमीचं भोक. १२५ घातला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. तेव्हा एकच पायरी चढा, गाडी चालवा, प्लग पाहा. भोक रिमरने मोठं करू नका. इथेनॉलमुळे जुने रबर पाइप आतून मऊ होऊन सुटतात आणि त्यांचा काळा चुरा जेटमध्ये जाऊन बसतो. जेट पुन्हापुन्हा तुंबत असेल तर पाइप बदला, आणि इथेनॉलला टिकणारेच घ्या.

प्रश्न : पूर्ण रेस दिली की दहा-पंधरा सेकंद गाडी छान पळते, मग जीव गेल्यासारखी होते. पेडल सोडून थोडं थांबलं की पुन्हा ठीक.

बाउल रिकामा होतो आहे. बाउलमधला साठा संपेपर्यंत गाडी पळते, मग पुरवठ्याच्या मर्यादेवर येते. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी काढून बाटलीत सोडा आणि बाउलमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन अर्धा मिनिट आयडलिंगला चालवा. एका मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने पेट्रोल आलं पाहिजे. धार ठसठशीत हवी, बुडबुडे नकोत. पेट्रोल उडून एक्झॉस्टवर पडणार नाही याची आधी काळजी घ्या आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा.

धार कमी असेल तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा मोजा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि धार सुधारली तर टाकीची श्वासनळी बंद आहे. त्यानंतर फिल्टर, टाकीतली जाळी, आणि टाकी ते पंप यांच्यामधले रबरी जोड पाहा. हा ओढण्याच्या बाजूचा पाइप असल्यामुळे तो तडकला तरी पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणून तो चांगला आहे असं समजू नका. यांत्रिक पंपाचा दाब साधारण २ ते ४ पीएसआय हवा. प्रवाह बरोबर असेल तर बाउलच्या तोंडाची बारीक जाळी आणि फ्लोटची (बाउलमध्ये तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भागाची) पातळी उरते.

हीच तक्रार फक्त गरम दिवसांत, हळू रहदारीनंतर येत असेल तर पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते आहे. पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या आणि कार्ब्युरेटरखालचा इन्सुलेटर कोणी काढून टाकला नाही ना ते पाहा.

प्रश्न : ओव्हरहॉल किट टाकून घेतल्यापासून पेडल दाबलं की काळा धूर येतो आणि इंजिन घुसमटल्यासारखं चालतं. त्याआधी धूर नव्हता.

धूर कामानंतर सुरू झाला, म्हणजे कामात जे हललं तेच तपासायचं. सर्वात आधी चोकची पाकळी पाहा. नॉब आत असताना ती पूर्ण उभी हवी. केबल घट्ट पकडून ठेवल्यामुळे ती थोडी आडवी राहते. मग फ्लोटची पातळी. किटमधला नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आल्यावर पेट्रोल बंद करणारी सुई) जुन्यापेक्षा किंचित लांब-आखूड असू शकतो, किंवा त्याखालचा वॉशर वेगळ्या जाडीचा असतो. मिलिमीटरभर फरकानेही पातळी बदलते. झाकण उभं धरून, फ्लोटची जीभ नीडलच्या बॉलला नुसती टेकलेली असताना अंतर मोजा. झाकण उलटं आडवं धरलं तर फ्लोटच्या वजनाने बॉल दबतो आणि माप चुकतं. अर्थात पुस्तकात आडवं धरून मोजायला सांगितलं असेल तर तसंच मोजा. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो बुडतो आहे. गरम पाण्यात धरल्यावर बुडबुडे जिथून येतील तिथे भोक आहे. शेवटी जेटवरचे आकडे वाचा. मेन जेट आणि हवेचा जेट दिसायला सारखे असतात, आणि दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरमध्ये पहिल्या व दुसऱ्या बॅरलचे जेट अदलाबदल होणं हे नेहमीचं आहे.

प्रश्न : एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंप दिसत नाही. मग पेडल दाबल्यावर दबण्याचं कारण काय शोधायचं?

वरच्या घुमटातलं तेल. एसयूमध्ये पिस्टन हवेच्या ओढीने वर जातो, आणि त्यातला तेलाचा डॅम्पर त्याला पटकन वर जाऊ देत नाही. तेवढ्या क्षणात जेटवरची ओढ वाढून पेट्रोल जास्त येतं, तोच इथला पंप. काळं झाकण उघडून तेल पाहा. ते पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वरच्या टोकापासून सुमारे १३ मिमी वर असावं. एसएई २० तेल किंवा इंजिनातलंच तेल चालतं. फार पातळ तेलाने पेडल दाबताच इंजिन दबतं. मग पिस्टन बोटाने वर उचलून सोडा. तो अडथळ्याशिवाय खाली येऊन 'टक्' असा वाजला पाहिजे. अडकत असेल तर घुमट आणि पिस्टन पेट्रोलने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, त्यांच्यातली फट मोजून ठेवलेली असते.

मिश्रणाची परीक्षा आयडलिंगला करा. पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. वेग किंचित वाढून परत बसला तर मिश्रण बरोबर, वाढलेलाच राहिला तर दाट, इंजिन मरायला लागलं तर पातळ. स्ट्रॉमबर्ग (याच तत्त्वावरचा दुसरा कार्ब्युरेटर) असेल तर घुमटाखालचा रबरी डायफ्रॅम उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोकही पिस्टनला पुरेसं वर जाऊ देत नाही.

प्रश्न : फक्त पहिल्या गिअरमध्ये सुटताना गाडी थरथरते. कार्ब्युरेटर बदलू का?

नाही. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये पेडल दाबा. इंजिन सरळ वर चढलं आणि थरथर फक्त क्लच सोडतानाच आली, तर क्लच प्लेटला तेल लागलं आहे किंवा इंजिनचे माउंटिंग रबर बसले आहेत. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, गाडीच्या समोर कोणी उभं राहू देऊ नका, आणि एकाला क्लच अगदी थोडा, जेमतेम पकडेपर्यंत सोडायला सांगा. इंजिन एका बाजूला उचललं गेलं तर त्या बाजूचं माउंटिंग तुटलं आहे. त्याच उचलण्याने थ्रॉटलची केबलही ओढली जाते आणि पाय स्थिर असूनही रेस कमी-जास्त होते. म्हणून माउंटिंग बदलल्यावर केबलची ढिलाई पुन्हा लावून घ्या. पेडल पूर्ण सोडल्यावर केबलला एक-दोन मिमी मोकळीक हवी, आणि पूर्ण दाबल्यावर पाकळी पूर्ण उभी झालेली घशातून दिसली पाहिजे.